बाणाचा तोळा-मासा

धनुष्य आणि वीणा ही एकाच कुळातली भावंडे आहेत, असे म्हटले तर वाचकांनी हसू नये. समुद्रगुप्ताच्या एका सोन्याच्या नाण्यावर तो सम्राट वीणा वाजवीत बसलेला दिसतो. ती वीणा आपल्या ओळखीच्या भोपळ्याच्या वीणेसारखी नाही. वाकवलेल्या धनुष्यासारखी आहे. एका दोरीतून बाण सुटतो, अनेक तारांतून सूर सुटतो, एवढाच काय तो फरक. ह्या नात्यामुळे मला उगाचच वाटत आले होते की, ज्याला तारेतले कळते त्याला धनुष्यातलेही थोडेफार कळलेच पाहिजे. हा समज माझ्या भाचीच्या हातावर बेतायचा, तो थोडक्यात टळला. आज घरोघरी मुले धनुष्य मागू लागली आहेत, तेव्हा माझी फजिती चार लोकांना उपयोगी पडेल, म्हणून ती लिहितो.

ह्या मागणीचे कारण सर्वांना ठाऊक आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तीत कंपाउंड धनुष्याच्या महिलांच्या गटात साताऱ्याची अदिती स्वामी, आणि पुरुषांच्या गटात नागपूरचा ओजस देवतळे, असे दोन मराठी जगज्जेते एकाच आठवड्यात झाले. अदितीचे वय तेव्हा अवघे सतरा होते. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण केले. शिवाय २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा घेण्याचे ठरले आहे. मग बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मुलीने धनुष्य मागितले तर नवल कसले! आमच्या ताईची ही मुलगी सतार शिकायला माझ्याकडे येते, आणि सतार संपली की मैदानावर पळते.

कंपाउंड धनुष्य म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. रामलीलेतले किंवा आपल्या भिल्ल-राठवा बांधवांच्या हातातले धनुष्य म्हणजे एक वाकलेली काठी आणि एक दोरी. कंपाउंड हे त्याचे यंत्रयुगातले नातवंड आहे. अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन ह्या गृहस्थाने १९६६ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ साली ते त्याला मिळाले. धनुष्याच्या दोन्ही टोकांना त्याने विलक्षण आकाराची चाके बसवली आणि त्यांवरून दोर फिरवले. ह्या चाकांना कॅम म्हणतात, आणि वरच्या-खालच्या लवचिक पात्यांना मैदानावरची मुले ‘लिंब’ म्हणतात. (प्रथम ऐकले तेव्हा मला सरबत आठवले.) गंमत अशी की, दोरी ओढताना मध्यावर जोर पुरा लागतो, पण पूर्ण ओढली की कॅम फिरतात आणि जोर एकदम उतरतो. ५० पौंडांचे धनुष्य असले तरी नेम धरताना हातावर १२-१३ पौंडच उरतात. त्यामुळे नेम निवांत धरता येतो. पण उतरलेला जोर नाहीसा झालेला नसतो, तो पात्यांत दबा धरून बसलेला असतो. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

गेल्या वर्षी भाचीच्या वाढदिवसाला मी तिला एक डझन बाण द्यायचे ठरवले. दुकानदाराने विचारले, “धनुष्य किती पौंडांचे?” मी म्हणालो, “चाळीस.” दिवाळीत मी तिच्याच तोंडून हे ऐकले होते. त्याने दोन प्रकारचे बाण पुढे ठेवले. एक जरा वजनदार, दुसरे अगदी पिसासारखे. तो म्हणाला, “चाळीसला दोन्ही चालतील. हलके वेगाने जातात.” मी हलके घेतले, आणि तेही केवळ वेगाच्या लोभाने नव्हे. माझ्या डोक्यात आमच्या घराण्याचे शास्त्र होते.

माझे वडील बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात वादक होते. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ते विशीतले तरुण होते. मी त्यांना फार उशिरा झालो. साज हाताळायला शिकवताना ते नेहमी बजावत, की तार निवडताना जाड तारेचा मोह धरू नये. तार जाड झाली की त्याच सुराला ती जास्त ताणावी लागते, आणि तो ताण दांडीवर, घोडीवर, तबलीवर येतो. साज म्हातारा असेल तर तो वाकतो. शंका आली तर बारीक तार लाव. आवाज थोडा कमी येईल, पण साज वाचेल. चाळीस वर्षे हा धडा मी पाळत आलो. तोच न्याय मी बाणाला लावला: बाण हलका, म्हणजे धनुष्याला त्रास कमी. ह्या तर्कात कोठे खोट आहे, हे वाचकांपैकी कितीजणांना आत्ताच दिसले असेल, कोण जाणे. मला दिसले नाही.

बाण मिळाल्यावर तीन दिवसांनी मी मैदानावर गेलो. भाचीने पहिला बाण सोडला आणि माझे कान टवकारले. पूर्वी तिचे धनुष्य सुटताना ‘धप्’ असा ठेंगणा, बंद आवाज करी, डग्ग्यावर ओला हात पडावा तसा. आज ‘टण्ण’ असा चढा आवाज निघाला आणि त्याची आस मागे रेंगाळली. मी खूश झालो. म्हटले, काय टंकार आहे! माझ्या धंद्यात आस मागे राहणे ह्यासारखे सुख नाही. तंबोऱ्याची जवारी आम्ही लावतो ती ह्याच आसेसाठी.

पण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभे असलेले तिचे प्रशिक्षक तोच आवाज ऐकून धावत आले. “थांब, थांब. धनुष्य खाली ठेव.” त्यांनी भात्यातला एक बाण उचलून बोटावर तोलला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, हे बाण तुम्ही आणलेत का?”

“हो. का? वाईट आहेत?”

“बाण उत्तम आहेत. पण चाळीस पौंडांचे आहेत. हिचे धनुष्य आता चाळीसचे कुठे आहे?”

तेव्हा उलगडा झाला. दिवाळीनंतर पोरीच्या हातात बळ आले, तसे प्रशिक्षकांनी पात्यांच्या मुळाशी असलेले बोल्ट फिरवून जोर थोडाथोडा चढवत नेला होता. आकड्याच्या काट्याला दोरी अडकवून त्यांनी माझ्यासमोर ओढून दाखवली. काटा पन्नासवर जाऊन परतला. बाण तेच राहिले होते, धनुष्य बदलले होते.

मी माझे तारांचे शास्त्र त्यांना ऐकवले. ते हसले नाहीत. म्हणाले, “सर, भरलेली समजून घागर उचलायला गेलात आणि ती रिकामी निघाली, तर काय होते? घागरीला काही होत नाही. खांदा हिसका खातो. बाण म्हणजे घागर. धनुष्य म्हणजे तुमचा खांदा.”

ह्या एका वाक्याने माझे चाळीस वर्षांचे शास्त्र उलटे झाले. सतारीची तार दांडीवर चोवीस तास ओढ देत बसते. म्हणून जाड तार साजाला जड. बाण धनुष्यावर ओझे घालत नाही, उलट धनुष्यातले ओझे उतरवून नेतो. ओढलेल्या धनुष्यात जी शक्ती साठली ती सुटल्यावर कोठेतरी गेलीच पाहिजे. बाण पुरेसा वजनदार असेल तर तो त्यातला बहुतेक भाग घेऊन निघून जातो. बाण हलका असेल तर तो लगबगीने पळतो, पण थोडेच घेऊन. उरलेले सारे पात्यांत, कॅममध्ये, दोऱ्यांत आणि धरणाऱ्याच्या हातात धडकते. मी ज्याला आस म्हणून दाद दिली ती म्हणजे हीच उरलेली शक्ती. तंबोऱ्यात शक्ती आवाज होऊन बाहेर पडावी ह्यासाठी आपण धडपडतो. धनुष्यात जेवढा आवाज तेवढी बाणाची चोरी.

हा हिशेब आकड्यांतही मांडता येतो. पॉल क्लॉपस्टेग ह्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले की, प्रत्येक धनुष्य असे वागते जणू बाणाबरोबर एक अदृश्य ठराविक वजनही धावत आहे. ते वजन म्हणजे पात्यांचा आणि दोरीचा हलणारा भाग. बाण जातो, ते वजन मागे राहते, आणि त्याच्या वाट्याची शक्ती धनुष्याला सोसावी लागते. समजा, हे अदृश्य वजन १०० ग्रेन आहे. बाण ३०६ ग्रेनचा असेल तर रुपयातले ७५ पैसे बाण नेतो आणि २५ पैसे धनुष्यात उरतात. बाण २१५ ग्रेनचा केला तर तो ६८ पैसे नेतो, आणि ३२ मागे उरतात. म्हणजे वेग तेरा-चौदा टक्के वाढला, पण प्रत्येक बाणामागे धनुष्यावरचा मार पाव हिश्श्याहून अधिक वाढला. आणि बाणच नसेल तर? पूर्ण रुपया धनुष्याच्या छातीवर. म्हणूनच बाण न लावता दोरी सोडणे हे ह्या खेळातले महापातक मानतात. एका रिकाम्या सोडण्यानेही पाते फुटू शकते, दोरी कॅमवरून उडू शकते आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. फार हलका बाण म्हणजे अर्धवट रिकामे सोडणेच.

प्रशिक्षकांचा छोटा काटा नेमका बिघडला होता. तेव्हा दुसऱ्या दिवशी मी बाण घेऊन मांडवीकडच्या आमच्या जुन्या सराफांकडे गेलो. “मास्तर, आज मोड आणली की काय?” म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि हातात बाण पाहून थबकले. मी हकिगत सांगितली. बाण काट्यावर उभा करून त्यांनी आकडा वाचला: १३.९ ग्रॅम. धनुर्धारी बाणाचे वजन ग्रेनमध्ये सांगतात, हे ऐकून म्हातारबुवांचे डोळे चमकले. “ग्रेन? अहो, आपला तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. बारा माशांचा तोळा, म्हणजे मासा १५ ग्रेनचा. तुमचा बाण एक तोळा सव्वादोन मासे भरला.”

ग्रेनचे २१५ झाले. आता नियम सांगतो. बहुतेक कारखानदार कंपाउंडसाठी किमान मर्यादा देतात ती धनुष्याच्या कमाल जोरातील दर पौंडामागे ५ ग्रेन. म्हणजे ४० पौंडांना २००, ५० पौंडांना २५०, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत चालणाऱ्या सर्वांत जास्त, ६० पौंडांच्या धनुष्याला ३०० ग्रेन. आमच्या सराफांच्या भाषेत, साठ पौंडांना वीस मासे. माझे बाण चाळीसला निर्धोक होते, पन्नासला ३५ ग्रेन कमी पडत होते. ३५ ग्रेन म्हणजे जेमतेम सव्वादोन मासे, सराफ म्हणाले, “एवढ्याची तर नथही होत नाही.” सोन्यात एवढ्यावरून भांडण होते, बाणात एवढ्यावरून हात जातो.

पण हे ५ ग्रेन म्हणजे कड आहे, बसायची जागा नव्हे. गच्चीच्या कठड्याला टेकून उभे राहता येते, म्हणून कोणी त्यावर अंथरूण घालत नाही. जाहिरातीतले वेगाचे मोठमोठे आकडे ह्याच कडेवर मोजलेले असतात: ७० पौंडांचे धनुष्य, ३० इंचांची खेच आणि ३५० ग्रेनचा, म्हणजे बरोबर ५ च्या हिशेबाचा, बाण. ते आकडे तुलनेसाठी असतात, अनुकरणासाठी नव्हेत. ज्याची खेच लांब, ज्याच्या धनुष्याचे कॅम कडक, त्याला काही तक्त्यांत ह्याहून जास्त वजन सांगितलेले असते. शेवटचा शब्द त्या त्या धनुष्याबरोबर आलेल्या पुस्तिकेचा. नवशिक्याने दर पौंडामागे ६ च्या आसपास राहावे, म्हणजे काट्यातली चूक, जोरातली वाढ, सारे पोटात सामावते. आणि वेगाचा एवढा सोस कशाला? कंपाउंडच्या स्पर्धेतले लक्ष्य ठराविक ५० मीटरवर असते; दहा गुणांचे वर्तुळ ८ सेंटिमीटरचे असते. बाण जरा खाली पडला तर दृष्टियंत्र तेवढे सरकवायचे. तेथे एकसारखेपणाला किंमत आहे, घाईला नाही. बाण थोडा जास्त जड झाला तर धनुष्याचे काही बिघडत नाही. उलट ते गप्प होते.

फसण्याच्या जागा मात्र बऱ्याच आहेत, त्या एकेक सांगतो.

पहिली, हिशेब कमाल जोरावर करायचा, नेम धरताना हाताला जाणवतो त्यावर नव्हे. “अहो, बारा पौंडच तर लागतात,” असे म्हणणारा मुलगा खोटे बोलत नसतो, पण पात्यांत पन्नासच साठलेले असतात.

दुसरी, बोल्ट फिरवला की बाणांचा हिशेब पुन्हा करायचा. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत हे फार सांभाळले पाहिजे. वर्षभरात अंगरखा तोकडा होतो तसे बाणही तोकडे होतात. बाण खेचेपेक्षा आखूड झाला तर टेकणीवरून मागे सरकून हातावर सुटू शकतो.

तिसरी, वजन पूर्ण बाणाचे करायचे. नळीवर इंचाला इतके ग्रेन असे छापलेले असते, ते फक्त नळीचे. उदाहरणार्थ, इंचाला ७ ग्रेनची २७ इंचांची नळी १८९ ग्रेन भरते; त्यात टोकाचे ९०, दोरीवर बसणाऱ्या नॉकचे ९ आणि तीन पिसांचे १८ मिळवले की ३०६ होतात. हिशेब कागदावर करावा आणि मग काट्यावर ताडून पाहावा. घरात काटा नसेल तर सराफ आहेतच. एका ग्रॅमला १५.४३ ग्रेन.

चौथी जागा सर्वांत फसवी. मी म्हणालो, “मग ह्याच बाणांना जड टोके बसवू या, वजन भरून निघेल.” प्रशिक्षकांनी मान हलवली. वजनाइतकाच बाणाचा ताठपणाही महत्त्वाचा; त्याला स्पाइन म्हणतात. २८ इंचांवर दोन टेकू देऊन नळीच्या मध्यावर १.९४ पौंडांचे वजन टांगतात, आणि ती किती वाकते हे इंचाच्या हजारांशात मोजतात. आकडा मोठा, तितकी नळी लवचिक. माझ्या बाणांचा आकडा ८०० होता. भाचीला आता ५०० च्या आसपासचा हवा होता. सुटताना बाणाच्या पाठीवर धनुष्याचा सारा जोर येतो आणि तो वाकतो. टोक जड केले तर तो आणखी वाकतो. कार्बनची नळी आधीच चिरलेली असेल तर ती तेथेच फुटते, आणि तिचे सुईसारखे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. म्हणून प्रत्येक बाण लावण्यापूर्वी दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवून पाहायचा, कानाजवळ धरून करकर ऐकायची, नॉकची चीर पाहायची. वजन पुरे आहे म्हणून बाण निर्धोक ठरत नाही. ताठपणाही पुरा हवा.

हे ऐकताना माझे लक्ष भाचीच्या डाव्या हाताकडे होते. त्याच हाताची बोटे सतारीच्या पडद्यांवर फिरतात. सहा वर्षे मी ती घडवली आहेत. ह्या तीन दिवसांत तिने शंभरावर बाण सोडले होते.

प्रशिक्षकांनी कापसाचा बोळा घेतला आणि दोन्ही पात्यांवरून सावकाश फिरवला. खालच्या पात्यावरून तो सुरळीत गेला. वरच्या पात्याच्या कडेला एका ठिकाणी कापसाचा धागा अडकला. डोळ्याला काही दिसत नव्हते. नख लावले तर केसाएवढी चीर लागली. ती माझ्या बाणांनी पडली की आधीची होती, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. प्रशिक्षक एवढेच म्हणाले, “आज सापडली हे बरे झाले.” धनुष्य कारागिराकडे गेले, पाती जोडीने बदलली, आणि त्याचे पैसे अर्थात मामाने भरले.

ताईने मला दोष दिला नाही. ती फक्त म्हणाली, “दादा, तू तिला साज देतोस तेव्हा आधी तिचा हात बघतोस. बाण देताना धनुष्य बघायचे राहिले.” ह्याहून कडक शब्दांत कोणी मला बोलले असते तर इतके लागले नसते.

आता तिच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर तारीख, धनुष्याचा मोजलेला जोर, बाणाचे वजन आणि त्यांचा भागाकार, असे चार रकाने आहेत. बोल्ट फिरला की नवी ओळ. शेवटच्या ओळीत ५०, ३०६ आणि ६.१ असे आकडे आहेत. घरी पाहुणे आले आणि कौतुकाने “बघू, ओढून बघू” म्हणाले, तर धनुष्य पेटीबाहेर काढायचे नाही, असा ताईचा हुकूम आहे. कारण पाहुण्यांच्या हातून दोरी सुटते ती हमखास बाणावाचून.

परवा पुन्हा मैदानावर गेलो होतो. नव्या बाणांना पाती ‘धप्’ म्हणतात आणि गप्प होतात. आस नाही, झणकार नाही. पूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, साज बद्द झाला. आता डोळे मिटून ऐकतो तेव्हा ह्या बद्द आवाजात पन्नास मीटरांवरून क्षणभराने येणारी दुसरी थाप ऐकू येते. जे द्यायचे ते सारे बाणाबरोबर गेले आणि पोरीच्या हातात काही उरले नाही, ह्याची ती पावती असते.